ऑर्गनवाल्या काकांना, वडोदऱ्याच्या एका आईकडून

आदरणीय काका,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. तरी पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. गाणाऱ्या मुलांचे आईबाप आपल्या गावात खूप आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं मला फार वाटतं.

तुम्ही ऑर्गनची साथ करता त्या संगीत नाटकात माझ्या मुलाला घेतलं तेव्हा तो काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत, स्वच्छ गात होता. पदं त्याच पट्टीत बसवली गेली. आणि तालमी रंगात आल्या तसा त्याचा आवाज फुटायला लागला. सकाळी एक, संध्याकाळी दुसराच. मध्येच घोगरा, वर जाताना एकदम चिरकणारा. या वयात मुलांचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असून काय उपयोग, पोरगं रात्री उशीत तोंड खुपसून पडलेलं असतं तेव्हा?

त्याला भीती होती, कारण आदल्या वर्षीच त्यानं ते भोगलं होतं. एका संस्थेच्या कार्यक्रमात तो मुख्य गाणारा होता. आवाज जरा हलला आणि त्यांनी त्याला काढून टाकलं. समोर बसवून सांगितलंही नाही. ग्रुपवर नवी यादी आली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "दोन वर्षं गाणं बंदच ठेवा, मग बघू." चौदा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं म्हणजे काय, याचा विचार त्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी केला नाही. हेच लोक व्यासपीठावरून सयाजीराव महाराजांचं नाव घेतात. 1886 साली गायक मौलाबक्षांची गायनशाळा या गावात उभी राहिली, गंधर्व नाटक मंडळीला या गादीनं आश्रय दिला, हे सगळं ते अभिमानानं सांगतात. महाराजांनी कलावंत सांभाळले होते, काका. यांना एक मुलगा सांभाळता आला नाही.

म्हणून तुमच्या तालमीत तो पहिल्यांदा चिरकला तेव्हा मी मागच्या खुर्चीवर बसून आता काय होणार ते ओळखलं होतं. तसं काही झालं नाही. तुम्ही भाता मारायचं थांबवलं, त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आज कुठं आहे रे आवाज?"

त्याला वाटलं रागावताय. तुम्ही एकेक पट्टी दाबत खाली आलात. पांढरी पाच. काळी तीन. "इथं बरं वाटतं?" तो म्हणाला, हो. "मग आज इथं," असं म्हणून तुम्ही पद तिथूनच सुरू केलंत.

वाचणाऱ्यांना यात काय मोठं असं वाटेल. तुमचा ऑर्गन जुना, पायपेटीचा. पट्टी बदलणाऱ्या पेटीसारखं त्यात काही सरकवता येत नाही. म्हणजे तेच पद, त्याच ताना, पण बोटांची सगळी मांडणी नवी, आणि तीही ऐन वेळी. साथीला तबल्यावर बसणारी नाटकातली सोळा वर्षांची मुलगी, तिनं दुसऱ्या दिवसापासून मोठ्या तोंडाचा आणखी एक तबला आणायला सुरुवात केली. बाजूचे लाकडी गट्टे ठोकून तबला फार तर थोडा उतरतो, त्यापुढे स्वर मरतो, हे तिनंच मला समजावलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला बघून तिनं ते केलं.

आणि मग प्रत्येक प्रयोगाआधी, रंगपटात, तोंडाला रंग लावून झाला की तो तुमच्याकडे यायचा आणि तुम्ही विचारायचात, "आज कुठं?" उत्तर त्यानं द्यायचं. मोठी माणसं, वादक, ध्वनियंत्रणेवरचे दादा, सगळे त्या उत्तराची वाट बघत थांबायचे, एका पोराच्या गळ्यासाठी. काका, या मुलाला त्याआधी वर्षभर कोणी काही विचारलंच नव्हतं. त्याच्याबद्दल सगळे फक्त ठरवत होते.

दुसऱ्या अंकातल्या पदात एकदा वरच्या षड्जावर, वरच्या 'सा'वर, आवाज साफ तुटला. भरलेलं सभागृह होतं. तुम्ही तो षड्ज ऑर्गनवर धरून ठेवलात, तो सावरेपर्यंत, आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाहीत. तुम्ही पाहिलं असतंत, अगदी मायेनं पाहिलं असतंत, तरी तो रडला असता, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. तुमच्या त्या न पाहण्याचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

नाटकातली मुलांची पात्रंही शंभर वर्षांपूर्वीच्या एका नाटक मंडळीच्या बिऱ्हाडावरची, म्हणून तुम्ही तालमीत त्यांना जुन्या गोष्टी सांगायचात. शारदेच्या भूमिकेत गाजलेले केशवराव भोसले 1908 मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढतात, मास्टर दीनानाथ 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी काढतात, आणि दोघांचं वय तेव्हा अठराच्या आसपास. "त्यांचेही गळे याच वयातून गेले असतील," असं तुम्ही म्हणालात. माझ्या मुलानं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तुमच्या निर्मात्यांचे आणि व्यवस्थापक ताईंचेही आभार. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांना दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती, असा कायद्याचा नियम आहे. ताईंनी तो सतरा वर्षांच्या मुलांनाही लावला. जेवणाची पंगतही आधी मुलांची बसायची. दहावीच्या मुलीची पूर्वपरीक्षा आली तेव्हा तिच्या जागी दुसरी तयार केली, आणि परीक्षा संपल्यावर तिची भूमिका तिला परत दिली. चांगुलपणाला फार पैसे लागत नाहीत असं म्हणतात, पण वेळ लागतो, आणि धंद्यात वेळेचेच पैसे असतात. तुम्ही सगळ्यांनी तो वेळ दिलात.

सध्या तो पांढरी दोनवर स्थिरावतो आहे. रोज सकाळी खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावतो, जोर न करता, तुम्ही सांगितलंत तसा. पुढच्या दौऱ्यात वडोदऱ्याला याल तेव्हा हॉटेलात उतरू नका. दांडिया बाजारात आमच्याकडे जागा आहे, जिना मात्र चढावा लागेल. नाश्त्याला शेव-उसळ करीन, तुमच्यासाठी तिखट कमी. तबल्यावरच्या मुलीलाही बोलावलं आहे, आणि तुमचं जुनं पद त्याला आता नव्या पट्टीत तुम्हाला ऐकवायचं आहे. ऑर्गन मात्र तुमचाच हवा.

तुमची,
त्याची आई