कानउघाडणीबद्दल थँक्यू!

तर भावांनो, गाणं एकदाचं झालं. ज्यांनी ज्यांनी कच्चा मिक्स (सगळी वाद्यं एकत्र केलेलं अर्धवट रेकॉर्डिंग) ऐकून तोंडावर बोलून दाखवलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार, नावं घेत नाही, घेतली तर रंकाळ्यावर भेळ मागाल.

घरच्यांनी ‘लय भारी’ म्हटलेलं, मित्र म्हटले ‘नाद खुळा’, आणि मी हवेत. मग एकाने सांगितलं, मर्दा बेस गिटार आणि किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकमेकांच्या अंगावर पडलेत, खासबागेत कुस्ती चाललीय जणू. खरंच होतं की, बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास, किकचा दणका साधारण ६० ला, आणि वरून माझ्या गिटारांचा खालचा सगळा गाळ तसाच. गिटारला १०० च्या खालचं सगळं कापणारा हाय-पास फिल्टर लावला, २५० जवळ थोडं कापलं, तर एकही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) न हलवता आवाज मोकळा.

दुसऱ्याने मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐकायला लावलं आणि गिटार पातळ पाणी! एकदाच वाजवलेला टेक कॉपी करून काही मिलिसेकंद सरकवला होता, मोनोत दोन्ही एकमेकांना खातात. परत दोनदा वेगळी वाजवली, बोटं सोलली.

नुसतं ‘मजा नाही आली’ म्हणणाऱ्याचा मात्र अजून थोडा राग आहे, कुठे नाही आली ते तरी सांगायचं ना राव. तरी थँक्यू.

दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी ऐकू येते, ती मुद्दाम ठेवलीय.