अमेरिकेच्या वेव्हर (प्रवेशबंदीतून सूट) पॅकेजचे ४५ हजार रुपये परत मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक, व्हिसा विभाग,
कॉलेज रोड शाखा, नाशिक

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं सनई ऐकली आणि फोन आपोआप कट झाला. म्हणून हे लेखी.

माझी फाइल तुमच्यासमोर असेलच. २०१६ मध्ये भावाच्या आजारपणात अमेरिकेत न्यू जर्सीला व्हिसाच्या मुदतीपेक्षा चौदा महिने जास्त राहिलो, नोव्हेंबर २०१७ मध्ये परतलो. वर्षाहून जास्त ओव्हरस्टे म्हणजे दहा वर्षांची बंदी. चूक माझी, ती कधी लपवली नाही. आता तिकडे मुलीचं बाळंतपण आहे. बंदी संपेपर्यंत थांबायचं तर सिंहस्थातली शाहीस्नानंसुद्धा उरकलेली असतील. म्हणून वेव्हर. तुम्ही ४५ हजार घेतलेत आणि वेव्हरच्या अर्जाचा म्हणून आय-१९२ फॉर्म भरून हातात दिलात.

परवा तो घेऊन ऑफिसात आलो. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, हा द्यायचा कुठे? मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "काका, स्वतः बॉर्डरवर नेऊन द्यायचा असतो." कुठल्या? "अमेरिकेच्या." अरे बाबा, तिथवर पोचायलाच तर व्हिसा हवा ना? तर म्हणे, "मग टोरंटोला जा. आपले क्लायंट तिथूनच देतात." म्हटलं, ते कॅनडाचे नागरिक असतील. त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून ते सीमेवरच्या चौकीत हा फॉर्म देतात. माझा पासपोर्ट भारताचा आहे. यावर तो शेजारच्या मुलीकडे बघून हसला आणि मला म्हणाला, "काका, गूगल वाचून येत जाऊ नका." बाकावर बसलेले दोघंही हसले. मी बासष्ट वर्षांचा आहे, साहेब. अमेरिकेची सीमा म्हणजे कसाऱ्याचा घाट नव्हे, की सकाळी पंचवटीने गेलो, फॉर्म दिला आणि रात्री जेवायला घरी.

आम्ही व्हिसा लागणाऱ्यांनी वेव्हर मागायचं ते व्हिसाच्या मुलाखतीतच. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या अधिकाऱ्याला पटलं तर तो शिफारस करतो, निर्णय तिकडचं सीमा खातं, कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, देतं. त्याला आय-१९२ लागत नाही, वेव्हरची वेगळी फीही नाही. बघतात काय, तर या माणसापासून धोका किती, आधीची चूक किती गंभीर, आणि जायचं कारण काय. हे मला मुलीच्या ओळखीच्या वकिलाने दहा मिनिटांत सांगितलं, फुकट. तुमच्याकडून काय मिळालं? माझ्या कामाचा नसलेला फॉर्म. त्यात स्पेलिंगची एकही चूक नाही, एवढं मात्र कबूल. कारणपत्राची एक ओळसुद्धा तुम्ही लिहिलेली नाही. आणि वर, गूगल वाचू नका!

मुलीचा स्टुडंट व्हिसा तुम्हीच केला होतात, म्हणून दुसरीकडे चौकशीही केली नाही. तेव्हा तुमच्याकडे माणसं बसायची.

पंधरा दिवसांत ४५ हजार खात्यात जमा झाले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, आणि तो अर्ज द्यायला टोरंटोला जावं लागत नाही.

माझी मूळ कागदांची फाइलही परत हवी. त्यात भावाचे दवाखान्याचे कागद आहेत, त्यांच्या दुसऱ्या प्रती नाहीत.

आपला,
(पावती क्रमांक फाइलवर आहे)