चरणाऱ्या गायींचं चित्र रंगीत छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही कुरणात चरणाऱ्या गायींचं इम्प्रेशनिस्ट, म्हणजे बदलता उजेड झटपट टिपणाऱ्या, शैलीतलं चित्र छापलंत, खूप आनंद झाला, पण ते एवढंसं आणि तेही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे त्यातला जीवच गेला हो. अशा चित्रात सगळं रंगच बोलतात. सावली काळी नसतेच, निळी नाहीतर जांभळी असते, गवत म्हणजे हिरव्या, पिवळ्या, मधेच गुलाबी अशा तुटक फटकाऱ्यांची गर्दी, जवळून बघितलं तर गाय म्हणजे नुसते चार-पाच तपकिरी डाग आणि दोन पावलं मागे गेलं की तीच गाय मान खाली घालून चरायला लागते! तुमच्या छपाईत हे सगळं एकसारखं करडं झालं.

कामी पिसारो या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने अशी कितीतरी शेतं, गुरं रंगवली, १८८४ मध्ये तर तो फ्रान्समधल्या एरान्यी या खेड्यातच राहायला गेला. १८७४ ते १८८६ मधल्या आठही इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत चित्रं लावणारा तो एकटाच. आणि हो, १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाची पत्र्याची ट्यूब शोधली म्हणून ही मंडळी रंग घेऊन थेट शेतात जाऊन बसू शकली, ऊन सरकायच्या आत हात चालवायचा, म्हणून ते फटकारे असे घाईचे. लोकांना वाटतं काम अर्धवट सोडलंय, तसं नाहीये ते.

पुढच्या वेळी निदान पाव पान द्या, रंगीत, आणि खाली चित्रकाराचं नाव, साल, मूळ चित्राचं माप नक्की टाका. वाट बघतोय.

तुमचा नेहमीचा वाचक