चौऱ्याऐंशीचे अठ्ठेचाळीस

महोदय,

गणपतीत डीजेच्या भिंतींविरुद्ध आपल्याकडे पत्रांचा ढीग येतो. माझी तक्रार बारा महिने चालणाऱ्या आवाजाची आहे, आणि तो आवाज फार मोठाही नाही.

मी पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे. सत्तावीस वर्षे आकडेच जुळवते आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या जागेत आलो आणि प्लायवूडची पार्टिशने गेली. आता एकच लांबलचक हॉल, आणि माझ्या पाठीला पाठ लावून विक्री विभाग. आम्ही हप्त्यांवर यंत्रे विकतो, त्यामुळे ती मुले दिवसभर फोनवर. ऑर्डर मिळाली की पितळी घंटा वाजवायची, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. घंटेचे मला काही वाटत नाही. ती वाजते आणि थांबते.

गेल्या महिन्यात १९ तारखेला, म्हणजे जीएसटीचे ३बी हे दरमहाचे विवरणपत्र भरायच्या आदल्या दिवशी, मी बिलावरचा १,८४,६५० हा आकडा मनात धरून कीबोर्डकडे वळले. तेवढ्यात मागून आले, "अठ्ठेचाळीस महिने सर, फक्त अठ्ठेचाळीस!" बोटांनी टाइप केले १,४८,६५०. संध्याकाळी ताळा जमेना. फरक ३६,०००. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते, हे आमच्या जुन्या हेडक्लार्कनी शिकवले होते. पण कुठल्या बिलात? ते सापडेपर्यंत पावणेआठ झाले, आणि घरी आल्यावर वरण-भाताचा कुकर लावायचाही त्राण उरला नव्हता.

साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्या बोलण्याकडे लक्ष का देता?" हा प्रश्न मला लागला, म्हणून थोडे वाचले. १९७६ साली एक प्रयोग झाला होता: माणसांना अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायला दिली आणि त्याच वेळी त्यांना न कळणाऱ्या जर्मन भाषेतला उतारा ऐकवला. तरी चुका वाढल्या. म्हणजे बोलणे कळायलाही लागत नाही, लक्ष देणे तर दूरच. एकसुरी घरघर माणूस विसरतो. जुन्या ऑफिसातला पंखा मला कधी ऐकूच आला नाही. बोलणे सतत बदलत राहते आणि मनातली अंकांची ओळ विसकटते. तो आवाज किती मोठा, याला फारसे महत्त्व नसते.

त्यामुळे नियमांचा आधारही मिळत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या परिसरासाठी. माझ्या मोबाइलवरचे ॲप (ते काही प्रमाण नव्हे) हॉलमध्ये साठच्या आसपास दाखवते. तक्रार करायची कशाची?

भिंती पाडल्या की संवाद वाढतो, असे आम्हाला स्थलांतराच्या वेळी सांगितले होते. हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन यांनी २०१८ मध्ये खुल्या मांडणीत गेलेल्या दोन कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढल्या. माझ्यापासून चार फुटांवर बसणारी मुलगी टीडीएसची शंकाही मला चॅटवर विचारते. चाळीस जणांसमोर विचारायची तिला लाज वाटते.

हेडफोन घालून पाहिले. मग साहेब हाक मारतात ती ऐकू येत नाही, त्याचीही बोलणी खावी लागतात.

त्या मुलांवर माझा राग नाही. फोन हेच त्यांचे काम. पण हॉलच्या टोकाला दार असलेली एक केबिन आहे. तिचे मालक महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असतात. १८, १९ आणि २० तारखेला ती लेखा विभागाला द्यावी, असा अर्ज मी दोनदा केला; दोन्ही वेळा ते 'पदाच्या शिष्टाचारात' बसले नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या ऑफिसात हे बसले असेल, तर कसे, ते कृपया कळवावे. तिसरा अर्ज लिहायला घेतला आहे.

— एक लेखापाल, कोथरूड, पुणे
(नाव छापू नये ही विनंती. निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत.)