मुख्यमंत्री महोदय, उष्णतेचा आराखडा सूर्यास्तालाच का संपतो?

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
तथा अध्यक्ष, राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : विदर्भातल्या उन्हाळी रात्रींबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मे २०२४ च्या अखेरीस आमच्या अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लागू झालं होतं. दंगलीत लागणारं कलम उन्हासाठी लागलेलं आम्हीही पहिल्यांदाच पाहिलं. खासगी क्लास सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्यावेत, कामाच्या ठिकाणी पाणी आणि पंखे असावेत, असं आदेशात होतं. आदेश चांगला होता. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दुपारच्या वर्गात मुलांचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको. पण पाच वाजले की त्या आदेशाचं काम संपायचं, आणि आमच्या घरांचं तापणं तेव्हा कुठे रंगात यायचं.

त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर गहजब झाला, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि सगळे हसून मोकळे झाले. त्या रात्रीचं किमान तापमान किती होतं, हे मात्र कोणत्याही वाहिनीनं विचारलं नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे. उन्हाळ्यात लोकांना जपण्यासाठी सरकार जो उष्णता आराखडा काढतं, त्याच्या लेखी उष्णता म्हणजे दुपार. शाळा सकाळी भरवा, चौकातले सिग्नल दुपारी बंद ठेवा, सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधा, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. जे छापलं जातं ते सगळं उजेडातलं. रात्री झोपायचं कसं, यावर एक ओळ नाही.

हवामान खात्याकडे 'उष्ण रात्र' असा इशारा आहे, हे मला ठाऊक आहे. दिवसाचं कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असेल आणि रात्रीचं किमान सरासरीच्या ४.५ ते ६.४ अंश वर असेल, तर ती उष्ण रात्र. त्याच्याही वर गेलं तर अति उष्ण. व्याख्या शास्त्रीय आहे, पण अकोल्यात आमच्या वाट्याला तिचा उपयोग कमीच येतो. मे महिन्यात आमची किमानाची सरासरीच २७ अंशांच्या आसपास. म्हणजे पारा ३० वर अडकला तरी ती रात्र कागदावर नेहमीसारखीच. शिवाय किमान तापमान हे पहाटेचं, सूर्य उगवण्याच्या सुमाराचं असतं, आणि तेही वेधशाळेच्या मोकळ्या आवारातल्या पेटीतलं. मजूर अकरा वाजता अंग टेकतो तेव्हा बाहेरच ३५-३६ असतं. आत किती असतं, ते कुणीच मोजत नाही.

आत काय चालतं, ते थोडं सविस्तर लिहू द्या.

आमच्याकडे जुनी घरं मातीच्या जाड भिंतींची आणि कवेलूंची, म्हणजे कौलांची, होती. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. त्या घरांत विंचू निघायचे, पावसात गळायचं, दरवर्षी कवेलू फेरावे लागायचे; त्यांची आरती ओवाळायचं मला कारण नाही. लोकांनी पक्कं घर मागितलं आणि सरकारनं ते दिलं, हे चांगलंच झालं. पण घरकुलाचं २५ चौरस मीटरचं घर बांधलं जातं तेव्हा वर चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब पडतो. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो. त्यातली उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात, आणि ती पोचते नेमकी संध्याकाळी, घरातली माणसं कामावरून परतल्यावर. चूल विझवली तरी तवा भाकर भाजतच राहतो, तसं मध्यरात्रीपर्यंत चालतं. टिनाच्या घरात दुपारी बसवत नाही, हे खरं. पण टिन पातळ असल्यामुळे रात्री लवकर निवतं. स्लॅब निवत नाही. टिनाच्या घरातून घरकुलात गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या आईनं मला सांगितलं, 'बाई, दिवस सोपा झाला, रात्र अवघड झाली.' योजना आखणाऱ्यांपैकी कुणी हे ऐकलं असेल असं वाटत नाही.

झोप लागायची तर शरीराच्या आतलं तापमान जरासं उतरावं लागतं. ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते. झोपेत माणूस पाय पांघरुणाबाहेर काढतो तो उगाच नाही. वरून स्लॅबची धग येते आहे आणि खोलीतली हवा अंगाइतकीच गरम आहे, अशा वेळी उष्णता जाणार कुठे? पंखा तीच गरम हवा अंगावर फेकत राहतो. झोप लागते ती पहाटे तीन-चारला, आणि साडेपाचला नळाची किंवा कामाची वेळ होते. असे ओळीनं आठ-दहा दिवस गेले की दिवसभराच्या उन्हातून सावरायला शरीराला फुरसतच मिळत नाही. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा ताण जास्त. ती माणसं उन्हात गेलेलीच नसतात, त्यामुळे उष्माघाताच्या यादीत त्यांची नावं शोधून सापडणार नाहीत.

आमची उष्णता कोरडी आहे, हे आमचं भाग्य. ओला टॉवेल अंगावर टाकला, अंगणात सडा मारला, खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी सोडलं, तर खरंच गार वाटतं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. कूलर चालतो तोही याच तत्त्वावर. मुंबईच्या दमट हवेत तो कुचकामी. त्यामुळे मंत्रालयात कूलरला गरिबाचा एसी समजून हसत असतील तर नवल नाही. वऱ्हाडात मात्र घराघरांतली झोप त्याच्यावर उभी आहे. (मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की तोही हात टेकतो. ते आठ दिवस सगळ्यांत वाईट.)

या कूलरचा हिशेब सांगते. साधा मोठा कूलर साधारण २०० वॅट वीज खातो. रात्रीचे दहा तास चालवला तर २ युनिट, महिन्याला ६०. ज्या घराचं बिल हिवाळ्यात ७० युनिटांचं असतं, ते मे महिन्यात १३० वर जातं. आपल्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटाला जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. म्हणजे अकोल्यातली एखादी धुणीभांडी करणारी बाई झोपेसाठी जी वीज वापरते, तिच्यातली बरीचशी तिला महागड्या टप्प्यात घ्यावी लागते. म्हणून कूलर एकला बंद होतो, किंवा लेकरं झोपली की बंद होतो. आता स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा, सौर तासांत वापरलेल्या विजेवर सवलत आहे. छान आहे. पण दिवसा ती बाई घरी नसते.

दर वीज नियामक आयोग ठरवतो, हे उत्तर मला अपेक्षित आहे. पण अनुदान सरकार देतं. यंत्रमागांना देतं, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात एप्रिल ते जून या तीन महिन्यांपुरती स्वस्त टप्प्याची मर्यादा १०० वरून २०० युनिट करा आणि फरक सरकारनं भरावा, इतकीच मागणी आहे. विदर्भाला वेगळा न्याय कसा द्यायचा, असं कुणी म्हणालं तर सांगा की आमच्या शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि तो नियम सरकारचाच आहे.

आता वीज जाण्याबद्दल. राज्याची वीज मोठ्या प्रमाणात आमच्या अंगणात तयार होते. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. कोराडी, खापरखेडा नागपूरच्या वेशीवर. पारसचं ५०० मेगावॉटचं केंद्र आमच्याच जिल्ह्यात. तरीही मे महिन्यात रात्री अकरा-साडेअकराला डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, स्फोटासारखा आवाज होतो आणि मोहल्ला काळोखात जातो. तुटवडा विजेचा नसतो. गल्लीतल्या डीपीवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त कूलर लागलेले असतात, आणि रात्रीची हवाच गरम असल्यानं तिच्या आतलं तेलही निवत नाही. लाईनमनला फोन केला तर त्याच्याकडे पाच भाग असतात. तो एकटा माणूस खांबावर चढणार तरी किती? कोणत्या डीपीवर दर उन्हाळ्यात भार चढतो, याची नोंद कार्यालयात असतेच. त्या डीपींची क्षमता मार्चच्या आत वाढवा. आणि रात्री दहा ते पहाटे पाच दुरुस्तीचं वेगळं पथक ठेवा, सध्याच्या लोकांवरच ओझं टाकून नव्हे.

जुलै २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात भरलं होतं, ते आपल्याला आठवत असेल. पावसाचं पाणी शिरून विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज तहकूब करावं लागलं. आम्हाला रात्र तहकूब करता येत नाही. हिवाळी अधिवेशनाला सगळे आमदार नागपुरात डिसेंबरात येतात, संत्री खातात, हुरड्याचे कार्यक्रम करतात. एकदा नवतपात या, असं आमंत्रण देते. २५ मेपासून नऊ दिवस. आमदार निवासात वरच्या मजल्यावरची खोली घ्या.

बाहेर झोपा, असं कुणी सहज म्हणेल. पूर्वी अख्खं गाव अंगणात बाजा टाकून झोपायचं, हे खरं. आजही उन्हाळ्यात रात्री वस्तीतून चालत गेलात तर रस्त्याच्या कडेला, गच्चीवर, देवळाच्या ओट्यावर माणसं झोपलेली दिसतील. जरा नीट पाहा, त्यांत बाया किती आहेत? पुरुष बाहेर, बायका आणि वयात आलेल्या मुली आत, कडी लावून. स्लॅबखाली. गच्ची असली तरी तिला कठडा नसतो, शेजारच्या गच्चीवर परके पुरुष असतात, आणि अंधार असतो. घरातला सगळ्यात गरम कोपरा स्वयंपाकाचा, आणि जागेअभावी बाई बहुतेक तिथेच अंथरूण टाकते. बाळंतीण आणि तान्हं मूल तर दारं-खिडक्या लावूनच. उष्णतेच्या आराखड्यात 'महिला, वृद्ध, बालके यांची विशेष काळजी घ्यावी' हे वाक्य नेहमी असतं. ही काळजी रात्री अकरा वाजता कोण घेतं, ते वाक्यात नसतं.

नागपूर महापालिकेनं उष्णता आराखड्यात बागा दुपारी उघड्या ठेवल्या होत्या. चांगली कल्पना होती. तीच रात्री का नको? एप्रिल-मेमध्ये रिकाम्या शाळा, समाजमंदिरं, पालिकेची सभागृहं यांतली काही बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी रात्री उघडा. मोठे कूलर, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, दाराशी महिला होमगार्ड. आमच्या शाळेची किल्ली मी स्वतः मागून आणायला तयार आहे, फक्त तसा आदेश हवा. आदेश नसताना वर्ग उघडला तर पहिली नोटीस मुख्याध्यापकांना येते.

पाण्याचंही तेच. कूलरला रात्रीत चाळीस-पन्नास लिटर सहज लागतं, आणि इथे नळाला रोज पाणी येत नाही. त्यात आरोग्य विभाग सांगतो की डेंग्यूच्या डासांमुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, कूलरची टाकी रिकामी करा. सल्ला अगदी बरोबर. पण साठवलेलं पाणी ओतून द्यायला हात धजत नाही, कारण पुढचा नळ कधी येईल याचा भरवसा नसतो. दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, पाणी भरताना बहुधा. अर्थिंगची तपासणी फुकट करून देणारं फिरतं पथक हा काही फार मोठा खर्च नाही.

राहिलं छत. तेलंगणानं २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी शीत छत धोरण आणलं. अहमदाबादनं २०१० च्या उन्हाळ्यातले मृत्यू पाहून २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांची छतं पांढरी रंगवायला घेतली. पांढरं छत ऊन परतवतं, त्यामुळे स्लॅबमध्ये मुळात साठतंच कमी. आमच्याकडे बरेच जण चुन्यात फेविकॉल कालवून गच्चीला हात मारतात. पहिल्या पावसात तो निम्मा धुऊन जातो, पण तोवर उन्हाळा निघालेला असतो. घरकुलाच्या शेवटच्या हप्त्याआधी जो अभियंता फोटो काढायला येतो, त्यानं दोन गोष्टी आणखी पाहाव्यात : छताला पांढरा थर आहे का, आणि भिंतीत वर, छताच्या लगत, समोरासमोर दोन झरोके आहेत का. ज्यांची घरकुलं आधीच बांधून झाली आहेत, त्यांना फेब्रुवारीत चुना ग्रामपंचायतीनं पुरवावा. गावातले बेरोजगार तरुण हे काम पंधरवड्यात उरकतील.

तामिळनाडूनं २०२४ मध्ये उष्णतेची लाट राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट वर्षानुवर्षं होती आणि उष्णतेची नव्हती, हे वाचून अकोल्यात बसून मला हसूच आलं. आपण प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात. पुढच्या उन्हाळ्याचा आराखडा मंजुरीला येईल तेव्हा त्यात 'सायंकाळी ७ ते सकाळी ७' असं एक प्रकरण आहे का, एवढं पाहा. नसेल तर फाइल परत पाठवा. आणि त्या प्रकरणाचा मसुदा करताना प्रत्येक जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस घरांत, स्लॅबच्या आणि टिनाच्या, भिंतीला साधे थर्मामीटर लावून रात्री दहाची आणि पहाटे चारची नोंद घ्या. शाळेतली आठवी-नववीची पोरं हे काम आनंदानं करतील. आमची तर नक्कीच.

कळावे,
आपली,
एक शिक्षिका, अकोला