तुझ्या हिरव्या नॅटची गोष्ट

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

आपलं नॅट, ते लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, सापडलं! माळ्यावरच्या ट्रंकेत, आईच्या जुन्या पातेल्यांखाली. जोडलं मी, रंगवलंस तू, तेही खिडकीच्या गजांना लावून उरलेल्या हिरव्या ऑइलपेंटने. पंखांवरच्या रेषा पार बुजल्यात आणि शेपटीपाशी एक जाड गोळा ओघळून तसाच वाळलाय.

म्हटलं, रंग काढूनच टाकू. थिनरला हात लावला नाही. मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं, तुझ्या त्या दुसऱ्या मॉडेलच्या, मिग विमानाच्या, नाकाचा चिखल झाला होता तसा. कोपऱ्यावरचा स्कूटरवाला म्हणाला, ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. रंग निघतो खरा, पण घरात ते नको वाटलं. शेवटी डेटॉल. बाटलीवर वाचलंस तर कळेल, 4.8 टक्के क्लोरोझायलेनॉल, शिवाय टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. पाणी न घालता लोणच्याच्या बरणीत ओतलं आणि विमान बुडवलं. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, मात्र आधी सोडवून ठेवली. पारदर्शक प्लास्टिकला बारीक तडे गेले तर ते भरून निघत नाहीत.

दोन दिवस काहीच नाही. घरभर दवाखान्याचा वास, बायकोचा पारा चढलेला. तिसऱ्या दिवशी पंखावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या धरल्या. हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासलं, तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी निघायला लागला. इथे मी एक गाढवपणा केला: घाईत सरळ नळाखाली धरलं. पाणी लागताच डेटॉल दुधाळ झालं आणि सुटलेला रंग चिकट होऊन प्रत्येक खाचेत बसला. आधी ताज्या डेटॉलनेच घासून काढायचं, साबण-पाणी मग. पुन्हा बरणीत, आणखी दोन दिवस.

आज शेवटी तो गोळा सुटला आणि त्याच्याबरोबर शेपटीही हातात आली! आत ऑफिसातला पांढरा गोंद. म्हणजे तू ती मोडलीस, गुपचूप चिकटवलीस आणि वर रंग थापलास? इतकी वर्षं मी समजत होतो, बंड्याला ब्रश धरता येत नाही.

शेपटी आता नीट बसवलीय. 1965 च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांच्या मागे लागलेलं आपलं नॅट रुपेरी होतं, म्हणून मी ॲल्युमिनियम रंग आणलाय. तुला हिरवंच हवं असेल तर आठवडाभरात कळव. आणि मिगला काय झालं होतं, तेही एकदा खरं सांग.

तुझा,
बाळ्या