ऑडिट नव्हतं

ठाणे,
रविवार, रात्रीचे साडेदहा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधी एवढं वाचा. मी घरी आहे, कडकडीत पाण्याने अंघोळ झाली आहे, सासूबाईंनी मऊ भात, तूप, मेतकूट असं पुढ्यात बसून खाऊ घातलंय आणि ईशान माझ्या पायाशी झोपलाय. आता पुढचं वाच, आई. बसून वाच.

गेल्या आठवड्यात ऑफिसात ऑडिट नव्हतं. रजा काढून मी कोल्हापूरहून ठाण्यापर्यंत सायकलने आले. एकटी नव्हते. आम्ही चोवीस जण, पुढे एक गाडी, मागे एक गाडी, तिच्यात मेकॅनिक, पाणी, औषधांची पेटी. चार दिवस, साधारण ३८० किलोमीटर. आजचा फोटो सुलूमावशी कुठून तरी मिळवणार आणि आपल्या ग्रुपवर टाकणार, त्याच्या आत तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले. अभिजीतचा मित्र पहाटे कराडला निघतोय, त्याच्या हाती देते. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू फोन बाबांकडे दिला असतास आणि बाबा नुसतं 'हं, हं' करत राहिले असते. दादाला सगळं माहीत होतं, पण त्याला रागावू नका, मीच शपथ घातली होती.

डायलिसिसच्या पेशंटांसाठी पैसे जमवायचे होते. आठवड्यातून तीनदा जायचं, दर खेपेला चार-चार तास मशीनवर. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, रिक्षा बसत नाही. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी जाते, सोबत आलेल्याचीही जाते. आम्ही प्रत्येकाने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे पैसे मागितले, ते सगळे या जाण्यायेण्यासाठी. अण्णाकाकांच्या वेळी सांगलीच्या फेऱ्या कशा झाल्या ते तुम्हाला मी काय सांगणार? बाबांनी तेव्हा काय विकलं तेही मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं, मला माहीत नाही.

नुसते पैसे दे ना, असं अभिजीतही म्हणाला होता. दिलेच असते. पण माणूस उन्हातान्हात पायडल मारतोय म्हटलं की लोकांचा हात जरा मोकळा सुटतो, हे मी या महिनाभरात पाहिलंय. आणि खरं सांगू? मला सायकल चालवायची होती. त्रेचाळिसाव्या वर्षी का होईना.

राहण्याजेवण्याचे हाल झाले नाहीत. बायकांची खोली वेगळी, गाद्या स्वच्छ, रोज गरम जेवण. लोणावळ्याला रात्री थंडी होती, तर तू दिलेली गोधडी होतीच. हो, ती बरोबर नेली होती. सगळे हसले, मग पहाटे दोघीजणी तिच्यातच शिरल्या.

आज पहाटे लोणावळ्याहून निघालो. एक्स्प्रेसवेवर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे ती काळजी काढून टाक. आम्ही जुन्या घाटाने, मागचे लाल दिवे लावून, एकामागे एक. खोपोलीपर्यंत साडेपाचशे मीटर खाली उतरायचं. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नसतो, रिम तापते. धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. आमचा कॅप्टन हे मोठं गुपित असल्यासारखं समजावत होता आणि मला प्रीतिसंगमाकडे उतरणारा रस्ता दिसत होता. बाबा कॅरिअर धरून मागे पळताहेत, मी दांड्याखालून पाय घालून हाप पायडल मारतेय आणि तुम्ही ओरडताय, 'बोटं ब्रेकवर ठेव, आवळू नको!'

शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणतात तोच. मुंबईला येताना एसटीच्या खिडकीतून तुम्ही माझ्या हातून चाराणे टाकायला लावायचात, एकदा ते माझ्या हातून आतच पडले आणि मी पनवेलपर्यंत रडले. आज सायकल टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नीट दहाचं नाणं वाहिलं. व्याजासकट.

खोपोलीनंतर चौक, मग पनवेल. ओळीत पुढचा ओरडतो 'खड्डा!', मागच्याने तेच मागच्यासाठी ओरडायचं, अगदी शेवटच्या सायकलीपर्यंत. पनवेल येईपर्यंत घसा बसला. खड्ड्यांबद्दल याहून जास्त लिहीत नाही, बाबांचं बीपी वाढायचं. कळंबोलीला ऊन चढलं, बंदराकडचे कंटेनर आणि लोखंडाचे ट्रेलर, त्यात रस्त्याच्या कडेला वाळू होती. तिथे माझी सायकल जरा घसरली. जरा. कोपराला खरचटलं. मागची गाडी लगेच थांबली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. मग बेलापूर, तुर्भे आणि तिथून ठाणे-बेलापूर रस्ता. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा. या रस्त्याने मी अकरा वर्षं ऑफिसच्या बसने झोपत जाते. आज पहिल्यांदा कळलं की त्याला चढ आहेत. कळव्याच्या पुलावर खाडीचा तो वास आला, तू ज्याला नाक मुरडतेस तो, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

तलावपाळीला गडकरी रंगायतनच्या बाजूला मंडळी उभी होती. हार, ढोल, फोटो. मला त्यात एकच माणूस लक्षात आहे. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, अर्धी बाही. माझा हात दुखतोय हे बघून सायकल धरायला पुढे आले आणि हँडलवर माझी बोटं त्यांच्या मनगटाला लागली. कातडीखाली मधमाशी अडकल्यासारखी गुणगुण, डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेची. आई, अण्णाकाका आम्हा पोरांना मनगटाला बोट लावायला सांगायचे, 'ऐका, माझी मोटार चालू आहे.' तीच. मी सायकल सोडेना, त्यांना वाटलं माझा विश्वास नाही. म्हणाले, 'ताई, धरतो मी, पडणार नाही.'

आता जे लिहायचं टाळतेय ते.

पहिल्या दिवशी आम्ही कराडवरूनच आलो. दुसरा रस्ताच नाही. त्याआधी वाठार आलं. तिथे मी सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून चालत गेले, तो सगळा तुकडा. चेन पडली म्हणून सांगितलं कॅप्टनला. त्याने चेन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता तोही उतरून चालायला लागला. साडेदहाच्या सुमारास कोल्हापूर नाक्याला पोचलो. उसाचा रस प्यायले. तिथून घर सायकलने दहा मिनिटं. तू भाकऱ्या थापत असणार, बाबा पेपर दुसऱ्यांदा वाचत असणार. मी ग्लास हातात धरून उभी राहिले आणि आले नाही. तू दारात येऊन काही बोलली नसतीस तरी माझा पाय निघाला नसता पुढे. तुमच्यावर राग नाही ग, उलट आहे. कोयनेचा पूल ओलांडेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. चुकलं असेल. पण सांगून निघाले असते तर निघालेच नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि पुढच्या वर्षीसाठीही नाव देऊन आले आहे. तेव्हा मात्र नाक्यावरून वळणार, कॅप्टनला आजच सांगून ठेवलंय. चोवीस जणांचे पोहे तू एकटीने करायचे नाहीस, शेजारच्या काकूंना बोलव. आणि बाबा, माळ्यावरच्या सायकलीकडे बघू नका. मला दिसतंय तुम्ही बघताय ते.

आता ऐका. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही. ऊन कमी होऊ दे, पाहुणे येणार आहेत, यातलं काही चालणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे असेन, त्याची रजा वेगळी ठेवली आहे. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नव्हे, नाश्त्यानंतर, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं. आई, तू स्टुलावर चढून डबे काढू नकोस. वरचे डबे खाली आण म्हणून तीनदा सांगितलंय. आणि माझ्यासाठी उपास धरू नकोस, मी आले ना नीट.

शुक्रवारी रात्री खोपटहून एसटीत बसते, शनिवारी सकाळी घरी. पिठलं कर. दुसरं काही नको.

तुमची,
मनू

ता. क. : कोपराला खरचटलं म्हटलं तिथे दोन टाके आहेत. शनिवारी तू पट्टी सोडवून मोजशीलच, म्हणून लिहिते : तीन.